चढ आला की उतरायचं

आमच्याकडे बैलगाडीत बसणाऱ्यांची एक रीत होती. आखाडा बाळापूरचा रस्ता सोडून गाडी गावाकडे वळली की ओढा लागायचा आणि ओढ्यापलीकडे चढ. चढ आला की हाकणारा सोडून सगळ्यांनी खाली उतरायचं, बैलांवरचा भार हलका करायचा आणि मागून चालत यायचं. कोणी कोणाला सांगावं लागायचं नाही. चाक पाण्याबाहेर आलं की माणसं आपोआप उतरायची. बसून राहायची मुभा दोघांनाच होती, आजारी माणसाला आणि पोटुशी बाईला. माझी बायको लग्नापासून बारा वर्षं त्या चढाला उतरत आली होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं नेपाळला गेलो. जिल्ह्यातून यात्रेची बस निघायची. आचारी, शेगडी, पीठ सगळं बसमध्ये, मुक्काम धर्मशाळेत. पासपोर्ट लागायचा नाही. आमच्यासारख्यांना परवडेल असा तेवढाच परदेश होता.

त्याच्या आधी उन्हाळ्यात नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी औषधं थांबवायला सांगितलं होतं. बायकोने विचारलं, "म्हंजे लेकरू होनारच न्हाई का?" त्या म्हणाल्या, "मी तरी आता आशा लावणार नाही." परतीच्या बसमध्ये आम्ही शेंगदाणे खाल्ले. मला आठवतं ते एवढंच. मला रडू आलं नाही, तिलाही नाही.

मग घरात माझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला. आईने काढला असता तर मी रागावलो असतो, पण तो बायकोनेच काढला. मुलगी तिच्याच चुलत्याची. "घरातलीच हाय, मला सांभाळून घेईल," ती म्हणाली. "हो म्हना का न्हाई म्हना, पन यात्रेहून घरी यायच्या आत सांगा. तिकडची मानसं वाट पाहून राहिलीत."

मी आडतीवर काट्याचं काम करायचो. पोतं नुसतं बघून वजन सांगायचो आणि काटा माझ्या आकड्याच्या जवळच थांबायचा. या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. गोरखपूर आलं, सीमा ओलांडली, बसमधली मंडळी एकमेकांना खिडकीतून डोंगर दाखवू लागली. मीही पाहिले. डोंगर होते, मोठे होते. त्यापुढे मनात काही उमटलं नाही.

पोखऱ्याला तलावाच्या काठी घोडे उभे होते. बायको तिथे थांबली.

"आपल्या लग्नात तुमीच बसले घोड्यावर. मला काय, बैलगाडी. एकदा बसायचं हाय मला."

घोडेवाला पन्नाशीचा, कानटोपी घातलेला, हिंदी बोलणारा. डोंगरावरच्या देवीपर्यंत नेऊन आणतो म्हणाला. दोन घोडे आम्हाला आणि तो दोरी धरून पायी. घोडे मला बुटके वाटले.

"मैं बहत्तर किलो का हूँ," मी म्हणालो.

"साब, ये सिमेंट की दो बोरी उठाता है. बोरी तो हिलती भी है, आप चुपचाप बैठोगे."

दोन बोरी म्हणजे शंभर किलो. हिशेब बसला, मीही बसलो. आमचा आचारी बसच्या सावलीत बटाटे सोलत होता. त्याने मला घोड्यावर पाहिलं आणि ओरडला, "अरे बाप रे! दाजी, दुसऱ्यांदा बाशिंग बांधून राहिले का?"

बसमधल्या बाया खोखो हसल्या. आचाऱ्याला घरातलं काही ठाऊक नव्हतं. बायकोही हसली. "शोभतेत की अजून," ती म्हणाली. मी घोड्याच्या कानांकडे बघत राहिलो.

आधी सपाटीची वाट होती. खोगीर टोचत होतं. डाव्या हाताला तलाव, उजव्या हाताला भाताची खाचरं. मग वाट वळली आणि दगडी पायऱ्यांचा चढ लागला. घोड्याने मान खाली घातली, खूर रोवले. मागे धप्प आवाज झाला. बायको उतरली होती. आणि माझ्या लक्षात आलं की मीही जमिनीवर उभा आहे. उतरायचं असं मी काही ठरवलं नव्हतं.

घोडेवाल्याने वळून पाहिलं, तर दोन्ही घोडे रिकामे.

"गिर गए क्या?"

"चढाई है," मी म्हणालो.

"चढाई है तो? चढाई के लिए ही तो घोडा लिया!" तो दगडावर बसून हसायला लागला. "लोग उतराई पे डर के उतरते हैं. आप लोग कौनसे देश के हो?"

"हिंगोली," बायकोने सांगितलं.

मी तिला म्हणालो, "तू बस वर."

"न्हाई. मुकं जनावर हाय."

"पंचेचाळीस किलो वजन तुझं. एक बोरीबी भरत न्हाई. बस."

"काहून बसू?" ती म्हणाली. "मी काय आजारी हाव, का पोटुशी हाव?"

भाजीत मीठ आहे का असं विचारावं, तशा आवाजात. घोडेवाला घोड्याचा पट्टा आवळत होता, त्याला काही कळलं नाही. मी जसा घोड्यावरून उतरलो होतो तसंच तोंडातून निघून गेलं.

"दोन्हीबी न्हाईस. तरी बसून राहायचं. आन् तुझ्या चुलत्याला न्हाई म्हणून कळव. मला दुसरं लगन करायचं न्हाई."

"इचार करून सांगा."

"सांगितलं."

"लोकं मला बोलतील."

"बोलतील."

तिने पदर कमरेला खोचला. मग रिकिबीत पाय घातला. घोडेवाल्याने दुसरीकडून खोगीर दाबून धरलं. मी रिकाम्या घोड्यामागून चालत गेलो. वर ढग होते, बर्फाचं एकही शिखर दिसलं नाही. देवीपुढे नारळ फोडला. मन हलकं झालं असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. पोटऱ्या दुखत होत्या एवढं मात्र जाणवलं. उन्हाळ्यापासून माझं काही दुखलंच नव्हतं.

गावाच्या फाट्यावर धाकटा भाऊ गाडी घेऊन आला होता. गावातल्या दोन बायाही आमच्यासोबत बसल्या. ओढा ओलांडला, चाक पाण्याबाहेर आलं. मी उतरलो, त्या दोघी उतरल्या. बायको पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

भावाने कासरा ओढून बैल थांबवले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उजळायला लागला होता.

"दादा, वहिनीला काही...?"

दोघी बायाही माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"न्हाई," मी म्हणालो. "तसं काही न्हाई."

"मंग?"

"मंग काही न्हाई. बसू दे तिला. चढावर बैल उभे करू नको, हाक."

त्याने बैलांच्या पाठीवर हात टाकला. बायकोने मागे वळून पाहिलं नाही. गाडी कुरकुरत वर निघाली आणि मी मागच्या फळीला खांदा लावला.