फक्त टच झालेली गाडी

जालन्यात अपघात झालेली गाडी विकायला नसते. जुन्या गाड्यांच्या बाजारात चार रविवार घालवल्यावर हे शहाणपण मला आलं. इथे गाडी फक्त 'टच' होते. बंपर बदललं, टच. अख्खं तोंड बदललं, तरी टच. दोन पलट्या खाऊन शेतात उताणी पडलेली असली, तरी विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो, "थोडासा टच होता, मॅडम."

मी रस्ता सुरक्षेची पत्रकं लिहिते आणि भोकरदनच्या स्टँडवर वाटते. लोक ती घेतात, घडी घालतात आणि त्यांच्यावर भजी खातात. 'रस्ता तुमच्या मालकीचा नाही' हे पत्रक मी खरं म्हणजे घरातल्याच एकासाठी लिहिलं होतं. माझा चुलतभाऊ, वय चोवीस. बापाची, म्हणजे माझ्या काकांची जीप तो हसनाबादहून भोकरदनला अशी आणायचा की वाटेतल्या म्हशी त्याला ओळखायला लागल्या होत्या. पत्रक वाचून त्यानं मला विचारलं, "ताई, रस्त्यावर पळवू नका म्हणती, मंग पळवायची कुठं?"

प्रश्न बरोबर होता आणि माझ्या पत्रकात त्याचं उत्तर नव्हतं. मी शोधलं. दक्षिणेत बंदिस्त ट्रॅक आहेत. ठरलेल्या दिवशी फी भरायची, आपली गाडी न्यायची आणि हवी तेवढी पळवायची. समोरून कोणी येत नाही, शर्यत नसते, बक्षीस नसतं. तिथे घेऊन गेलीस तर रस्त्यावर पळवणं सोडतो, असं तो म्हणाला. पण जीप चालणार नव्हती. उंच गाडी वळणावर कलंडते, म्हणून तिला आत घेत नाहीत. म्हणजे स्वस्तातली जुनी छोटी गाडी बघणं आलं. त्या गाडीत तो ताशी सव्वाशेनं वळणं घेणार होता. मला एवढंच हवं होतं की जसा बसेल तसाच तो उतरावा.

म्हणून माझी यादी साधी होती. गाडी हलकी हवी. ब्रेक आणि टायर स्वस्त हवेत, कारण ट्रॅकवर तेच आधी झिजतात. रंग उडालेला चालेल, सांगाडा सरळ हवा.

पण आमच्याकडे गाडी घ्यायला एकटं कोणी जात नाही. काका, म्हणजे भावाचे अण्णा, आले. काकांनी पहिल्याच गाडीला विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देती?" दुसरीला विचारलं, "रिसेल कशी हाये?" गोल गोल फिरवून टायर जाळायला गाडी घ्यायची, आणि हा माणूस लिटरमागे किती किलोमीटर ते विचारतो! मी समजावलं. काका म्हणाले, "ते खरं गं बाई, पण अ‍ॅव्हरेज तं पाह्यजे."

विकणाऱ्याचं काय सांगावं? त्याच्याकडची प्रत्येक गाडी डॉक्टरांनी वापरलेली. जिल्ह्यात इतके डॉक्टर असते तर मंठ्याच्या माणसाला साध्या तापासाठी संभाजीनगर गाठावं लागलं नसतं. त्यानं आम्हाला एका लालभडक गाडीपाशी नेलं. रुंद चकचकीत चाकं, वर सनरूफ. भाऊ तिथेच पाघळला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. विकणाऱ्यानं खिडकीतून चावी फिरवली. "बघा भाऊ, मीटरमधी एक तरी लाईट लागून राह्यली का? बिलकुल क्लीन!"

भाऊ खूश, काका खूश. मी वाकून मीटर बघितलं. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा आधी लागायला हवा आणि मग विझायला हवा. लागतच नसेल तर कोणीतरी त्याची वायर तोडली आहे. म्हणजे बॅगा एकदा फुटून गेल्या आहेत.

"एअरबॅगची लाईट का लागली नाही?" मी विचारलं.

"खराबीच न्हाई तं लाईट लागंल कशाला, मॅडम?"

काका हसले. "वकील व्हायला पाह्यजे होती ही."

मी दाराच्या चौकटीचं रबर ओढून काढलं. आत कारखान्याच्या वेल्डिंगचे सारख्या अंतराचे बारीक ठिपके असतात. इथे गुठळ्या होत्या आणि त्यांवर पुट्टी, म्हणजे सांगाडा कापून परत जोडलेला. विकणाऱ्यानं त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "टच हाये. थोडासा." आणि लगेच किंमत खाली आणली.

काकांचे डोळे चमकले. गाडी मधून कापून जोडलेली निघाली याचं त्यांना काहीच नाही, भाव उतरला याचा आनंद. "आता तं घेऊनच टाकू!"

भाऊ अजून स्टिअरिंग धरून बसला होता. मी म्हटलं, "पट्टा लाव."

"बेल्ट कोण बांधतंय?" काका म्हणाले. "पोलीस दिसला की खांद्यावर टाकायचा."

"लाव. आता झटक्यानं पुढे झुक."

तो झुकला. पट्टा अडला नाही. ढिल्या नाडीसारखा त्याच्याबरोबर पुढे गेला आणि त्याचं कपाळ स्टिअरिंगला लागलं. त्यानं परत करून बघितलं. परत कपाळ. मग तो गुपचूप खाली उतरला.

"न्हाई घ्यायची."

"अरे, सनरूफ हाये!" काका म्हणाले.

"अण्णा, त्या सनरूफातून मीच बाहेर जाईन."

मागे पत्र्याखाली धूळ खात एक चंदेरी डबा उभा होता. दाराला पोचा, काचा हातानं फिरवायच्या. विकणाऱ्याला ती गाडी दाखवायची लाज वाटत होती. "ही एका मास्तरची हाये, मॅडम. तुम्हाला शोभायची न्हाई." डॉक्टर नाही म्हणाला, म्हणजे खरं बोलत असावा. चौकटीतले ठिपके सरळ होते आणि झटका दिला की पट्टा जागीच घट्ट धरत होता. तीच घेतली. ब्रेक, तेल, टायर सगळं नवं टाकलं. काका तिच्यात बसले नाहीत. एसटीनं घरी गेले.

ट्रॅकवर तिसऱ्याच फेरीत भाऊ एका वळणात हायवेच्या मस्तीत शिरला. गाडी गरकन फिरली, उलटं तोंड करून गवतात गेली आणि थांबली. मी कठड्यावरून वाकून बघत होते. तो स्वतः चालवत परत आला. शर्टाची गुंडी काढून त्यानं दाखवलं, खांद्यापासून छातीपर्यंत पट्ट्याचा लाल वळ उठला होता.

तेवढ्यात काकांचा फोन. "कितवा आला?"

"शर्यत नसती अण्णा इथं."

"मंग गेल्ता कशाला एवढ्या दूर?"

भाऊ म्हणाला, "वळणावर गाडी फिरली, अण्णा. आपल्या रोडवर फिरली असती तं समोरून टमटम आली असती. माणसं भरून." त्यानं फोन माझ्या हातात दिला, हेल्मेट चढवलं आणि परत रांगेत जाऊन लागला.

ते वळण आलं. गाडीचे ब्रेकचे लाल दिवे या वेळी बरेच आधी लागले.