मला काय झालंय?

चहाचा घोट गिळून घ्या आधी, मग सांगतो. नायतर ठसका लागंल! असला गाढवपणा उभ्या पुंडलिकनगरात कुणी केला नसंल.

बायकोला, कविताला, खालच्या जागी इन्फेक्शन झालं होतं. गुलमंडीतल्या डॉक्टरचं औषध घेतलं की बरं वाटायचं, अन् महिन्याभरात पुन्हा तीच आग, तेच दुखणं. शेवटी ती आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. आली ती थेट म्हणाली, "अहो, तुम्हाला बोलावलंय. औषध दोघांनी घ्यायचंय."

"दोघांनी? मला काय झालंय?"

"ते त्यांनाच विचारा!" तिनं पातेलं आपटलं. "दर वेळी मीच सोसायचं का?"

माझं डोकंच सटकलं. म्हणजे ह्या डॉक्टरीणबाईला माझ्यावर शक? माझ्यावर? चपला अडकवल्या अन् निघालो तरातरा.

दवाखान्यात ही गर्दी! नर्स म्हणाली, "काका, नंबर लावा."

कसला नंबर! मी दारातूनच तोफ डागली, "इन्फेक्शन बायकोला अन् औषध मला? मी काय बाहेर तोंड मारत फिरतो व्हय?"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आत या, बसून बोलू."

"नाय! होऊन जाऊ द्या सगळ्यांसमोर!"

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "जावईबापू, आत जा हो!"

सासूबाई! बीपी तपासायला आलेल्या! आता सांगा, कुठं तोंड लपवू?

आत बाई माझ्याहून तापलेल्या. "तुमच्या चालचलणुकीबद्दल कोण बोललं? काही इन्फेक्शनं अशी असतात, पुरुषाला त्रास जाणवतच नाही. ती बरी होते अन् तुमच्याकडून तिला पुन्हा लागण होते. एकटीला औषध देऊन उपयोग काय?"

"पण आधीचे डॉक्टर तर काहीच..."

"लाजतात! 'नवऱ्याला आणा' म्हणायला डॉक्टर लाजतात, यायला नवरे लाजतात, अन् भोगते ती! तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या!"

आधी मला त्या गुलमंडीवाल्याचा लई राग आला. मग स्वतःचा. बायको महिनोन् महिने कळवळत होती, अन् मला पडली होती माझ्या अब्रूची!

तपासून त्यांनी चिठ्ठी दिली. ती मुठीत दाबून शेजारच्या मेडिकलवर गेलो. इकडंतिकडं बघितलं, काउंटरवर वाकलो अन् कुजबुजलो, "भाऊ, हे... दोघांचं द्या."

"काय?"

"दोघांचं..."

मेडिकलवाला कानामागं हात धरून खणखणीत आवाजात म्हणाला, "काका, मघाशी तिकडून बोलत होता तर शब्द न् शब्द ऐकू आला. आता तोंडाशी येऊन बोलताय, तर काहीच ऐकू येईना!"