सर्व्हर बंद होण्याची वार्ता

शेगावला गाडी थांबली आणि डबा जवळजवळ रिकामा झाला. उतरणारे बहुतेक सगळे दर्शनाला आलेले होते. माझ्या पिशवीत मात्र चार कोऱ्या हार्ड डिस्क आणि एक स्क्रूड्रायव्हरचा संच होता, आणि डिस्क कुणाच्या धक्क्याने आपटू नयेत म्हणून मी गर्दी ओसरेपर्यंत फलाटावरच थांबले. हिवाळ्याची सकाळ होती. कचोरीवाला फिरत आला. शेगावची कचोरी दिसायला साधी, चपटी. आतलं सारण चांगलंच तिखट, आणि सोबत तळलेली मिरची. ती खाऊन होते तोवर नईम शेख आले.

नईमभाई खामगावचे. मी पुण्यात जो धंदा करते तोच ते खामगावात करतात: लहान दुकानं, दवाखाने, गिरण्या यांचे संगणक बसवायचे आणि चालू ठेवायचे. वर्षानुवर्षं आम्ही दोघं फोनवर एकमेकांच्या अडचणी सोडवत आलो होतो, भेट मात्र पहिलीच. चाळिशीतला, उंच, हसरा माणूस. दाढी नीट कातरलेली. माझी पिशवी घेत ते म्हणाले, "ताई, तुमी आल्या, लय बरं झालं. मले एकट्याले हे सांगनं होऊन नव्हतं राह्यलं."

सांगायचं ते असं होतं. लहान व्यवसायांसाठी एक खास सर्व्हर मिळत असे. फायली, ईमेल, बॅकअप सगळं एकाच डब्यात, आणि तो डबा ऑफिसच्या कोपऱ्यात. आमच्यासारख्यांनी तो गावोगाव बसवला. आता तो बनवणाऱ्या कंपनीने ते सॉफ्टवेअर बंद करायचं जाहीर केलं होतं. पुढे वाटा दोनच: मोठ्या कारखान्यांना शोभेल असा महाग सर्व्हर घ्या, नाहीतर आपला सगळा मजकूर दूर कुठेतरी असलेल्या कंपनीच्या यंत्रांवर भाड्याने ठेवा. त्या दुसऱ्या वाटेला क्लाउड म्हणतात. पुण्यात मी ही बातमी ईमेलने कळवून मोकळी झाले होते. नईमभाईंनी मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी बसून, चहा पिऊन, "हा डब्बा तुमाले म्हातारपनापर्यंत पुरते" असं सांगून तो बसवला होता. म्हणून त्यांनी मला बोलावलं. पुण्याच्या बाईने सांगितलं म्हणजे ते कंपनीचं म्हणणं ठरेल, त्यांचं नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

त्यांच्या जुन्या व्हॅनमधून आम्ही खामगावला आलो. कापसाचा हंगाम असल्याने सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांच्या बाजूला गाड्यांची रांग होती आणि हवेत बारीक रुई तरंगत होती. नईमभाईंच्या दुकानात दुरुस्तीला आलेले संगणक उघडे पडलेले. त्यांच्या पंख्यांत रुई इतकी घट्ट बसली होती की ती रंगाच्या ब्रशने खरवडून काढावी लागे.

"पुन्याले काय निंगते पंख्यात?" त्यांनी विचारलं.

"धूळ. कधी कधी झुरळ."

"आमचं बरं मंग. गादी तरी भरता येईन."

पहिला मुक्काम पिंपळगाव राजा. तिथे देविदास नावाच्या बियाणं विक्रेत्याचं दुकान आहे. दुकानात त्याने बसूच दिलं नाही, थेट शेतात नेलं, कारण त्या दिवशी रोडगे होते (रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, मग फोडून तुपात कालवतात; सोबत वांग्याची झणझणीत भाजी). तूर फुलोऱ्यातून शेंगेवर आली होती. बांधावर बसून मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सर्व्हर बंद होण्याची गोष्ट सांगितली. देविदासने ऐकून घेतलं आणि नईमभाईंकडे वळला.

"काऊन बे नईम, एवढंच सांगाले या बाईले एवढ्या दुरून आनलं?"

"तुले राग येईन वाटलं."

"राग कायचा? बियान्याची जात बदलते, तसं हे बदललं. तू सांगशीन ते घेऊ. रोडगा घे आनखी."

नईमभाईंनी आणखी दोन घेतले. नांदुऱ्याकडे जाताना ते शीळ घालत होते.

पूर्णा नदी ओलांडली की जमीन बदलते. हा खारपाण पट्टा. जमिनीखालचं पाणी खारट, आणि तेच पिढ्यान्‌पिढ्या प्यायलेलं. समोर सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते आणि जळगाव जामोद मागे टाकल्यावर ती हळूहळू डोंगर होते. देखावा सुंदर आहे. पण नईमभाईंची शीळ पुलानंतर थांबली होती. संग्रामपूर जवळ आलं तसं त्यांनी सांगितलं, "डॉक्टरबाईकडे मी लय दिवसांत गेलोच नाही. त्यायनं दोनदा फोन केला. म्या म्हटलं, येतो."

"का गेला नाहीत?"

"गेलो असतो त सांगा लागलं असतं."

डॉक्टर शुभांगी साठीच्या आहेत. बाजारपेठेच्या कडेला त्यांचा लहान दवाखाना आणि लागूनच रक्ततपासणीची खोली. या भागात मूत्रपिंडाचे रुग्ण फार. त्यांना वर्षामागून वर्ष तेच तेच आकडे तपासत राहावं लागतं, आणि रोग किती वेगाने पुढे सरकतोय हे जुन्या आकड्यांशी ताडूनच कळतं. ते सगळे आकडे त्या सर्व्हरवर होते.

बाकावर सात-आठ माणसं बसली होती. आत शिरताच मला आवाज ऐकू आला: टीं... टीं... टीं. थांबून थांबून, बारीक.

"हा आवाज कधीपासून येतोय?" मी विचारलं.

"झाले बरेच दिवस," डॉक्टर म्हणाल्या. "आम्हाला वाटलं इन्व्हर्टर. त्याच्या बॅटरीत पाणीही घातलं."

नईमभाई सर्व्हरपुढे गुडघ्यावर बसले होते. अशा सर्व्हरमध्ये दोन डिस्क असतात आणि दोन्हींवर एकच मजकूर लिहिला जातो. एक गेली तर दुसरी असावी म्हणून. एक गेली की यंत्र असं ओरडतं. इथे एक गेलेली होतीच. उरलेलीवर मी तपासणीची आज्ञा चालवली तर तीही अडखळत वाचत होती. बॅकअपची बाहेरची डिस्क पाहिली. ती कधीच गच्च भरली होती आणि तेव्हापासून बॅकअप निघालेला नव्हता.

मी डॉक्टरांना काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते. त्याआधीच नईमभाई उठून उभे राहिले.

"डॉक्टरबाई, हे माह्या चुकीनं झालं. हा सर्व्हर कंपनी बंद करून राह्यली. ते तुमाले सांगा लागन म्हनून मी इकडे फिरकलोच नाही. येऊन गेलो असतो त पह्यल्याच दिवशी आवाज समजला असता."

बाकावरची माणसं ऐकत होती. डॉक्टरांचा चेहरा पडला. क्षणभर मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतील. त्या एवढंच म्हणाल्या, "ते नंतर. आत्ता काय वाचतं ते सांग."

मी सांगितलं की सगळं वाचेल याची खात्री नाही. डिस्क चालू आहे तोवर जमेल तेवढं कोऱ्या डिस्कवर उतरवता येईल, पण ती मध्येच कायमची बंद पडू शकते. म्हणून आधी काय उतरवायचं ते ठरवावं लागेल. रक्ततपासणीचा प्रोग्राम प्रत्येक वर्षाची वेगळी फाइल ठेवत होता. "अलीकडचं आधी घेऊ की सगळ्यात जुनं?"

त्या खुर्चीत बसल्या. पेन उघडून पुन्हा बंद केलं. बाहेरच्या बाकाकडे एकदा पाहिलं.

"अलीकडचं आधी," त्या म्हणाल्या. "जे आज औषधावर आहेत त्यांचं आधी. जुन्यातले निम्मे आता नाहीतच."

अलीकडची वर्षं उतरू लागली. वेग बैलगाडीचा. आणि अर्धं काम झालं नसेल तोच लाइन गेली. भारनियमनाचं वेळापत्रक त्या आठवड्यात बदललं होतं, ते कुणाच्या लक्षात नव्हतं. सर्व्हर इन्व्हर्टरवर गेला, आणि इन्व्हर्टर फार वेळ काढणारा नव्हता. एकदा सर्व्हर बंद पडला तर ती डिस्क पुन्हा फिरेल असं मला वाटत नव्हतं.

नईमभाई बाहेर पळाले. जरा वेळाने शेजारच्या मांडववाल्याचा जनरेटर हातगाडीवर घालून, त्या मांडववाल्यासकट ते परत आले. दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी तो जनरेटर निघाला होता. दारात ठेवून सुरू केल्यावर धुराने आणि आवाजाने बाक रिकामा झाला. माणसं रस्त्यापलीकडे लिंबाखाली जाऊन बसली, पण घरी कुणी गेलं नाही. मांडववाला मला ओरडून विचारत होता, "बाई, लग्न सकाळच्याले आहे, तोपर्यंत होईन ना तुमचं?"

दिवस कलेपर्यंत काम चाललं. सगळ्यात जुन्या तीन वर्षांच्या फायली राहिल्या होत्या तेव्हा डिस्कमधून खडखड आली आणि स्क्रीन गोठला. मी बरीच खटपट केली. नईमभाईंनी केली. डिस्क फिरली नाही.

डॉक्टरांनी सीताराम आबांना आत बोलावलं. ते त्यांचे सगळ्यात जुन्यांपैकी एक रुग्ण, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांच्या आजाराची सुरुवात ज्या वर्षांत झाली तीच गेली होती. डॉक्टरांनी त्यांना ते सरळ सांगितलं.

आबांनी विचार केला. "मंग आता मले बिमारी केव्हापासून?"

"तुम्हाला आठवतं तेव्हापासून," डॉक्टर म्हणाल्या.

"मले त ते दिवस आठवतच नाही ना बाप्पा. तेव्हा मी चांगला होतो." एवढं बोलून ते रक्त द्यायला आतल्या खोलीत गेले.

निघताना नईमभाईंनी विचारलं, "आता नवीन कोनाकडून करता, डॉक्टरबाई? अकोल्याचा एक मानूस चांगला आहे, नंबर देतो."

"तू मेलास का?" डॉक्टर म्हणाल्या. "सोमवारी ये. आणि यापुढे वाईट बातमी असेल तर आधी फोन कर. मी रोज लोकांना वाईट बातम्या सांगते. मला ऐकताही येतात."

आम्ही रात्री खामगावला परतलो. त्यांच्या घरी त्यांच्या पत्नीने गरम ज्वारीची भाकर, ठेचा आणि मटणाचा रस्सा वाढला. जेवण उत्तम होतं. ते फारसे जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बीबी हे गाव. बुलढाणा जिल्ह्याचे तिथली माणसं दोनच भाग करतात, घाटाखाली आणि घाटावर. आम्ही घाट चढून मेहकरमार्गे गेलो. वर हवा कोरडी आणि गार, जमीन उंचसखल, हरभरा आणि गहू. बोलीही बदलते. घाटाखालचं 'काऊन', म्हणजे 'का', इथे 'कामून' होतं, आणि 'मले'चं कधी 'मला' होतं ते कळत नाही. बीबीला गोविंदकाकांची सोयाबीनची आडत आहे (आडत म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देण्याचा धंदा). नईमभाईंनी बसवलेला पहिला सर्व्हर त्यांचा. व्हॅनमधून उतरताना नईमभाई मला म्हणाले, "ताई, अथी काकाले मीच सांगतो."

गोविंदकाकांनी गादीवर जागा करून दिली. कोपऱ्यात सर्व्हर चालू होता. वरचा धूळ नसलेला कपडा घडी घालून बाजूला ठेवलेला, हिरवा दिवा लागलेला. नईमभाईंनी प्रस्तावना न करता सांगून टाकलं. सॉफ्टवेअर बंद होणार, पुढे काय काय करता येईल, आणि आपण आधी यायला हवं होतं.

गोविंदकाका खाली पाहत राहिले. मग त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "कल्पना, जरा बाहेर ये."

कल्पना त्यांची सून. जालन्याला कॉमर्स शिकलेली. ती पदराला हात पुसत आली, आणि सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं.

"सांगून टाक त्याला," काका म्हणाले.

"नईमभाऊ," ती म्हणाली, "आमचं सगळं मागच्या हंगामापासूनच क्लाउडवर आहे. मीच केलं. हे मुंबईला असतात, यांना तिथून फोनवर भाव आणि हिशेब बघायचा असतो, म्हणून."

नईमभाईंनी सर्व्हरकडे पाहिलं. "मंग हा काऊन चालू आहे?"

"तुम्ही कधी आलात तर बंद दिसू नाही म्हणून. मामंजी म्हणाले, पोराला वाईट वाटंल."

"यात काहीच नाही?"

"काहीच नाही. सकाळी झाडलोट झाली की मी चालू करते, सांजच्याला बंद."

बाहेर हमाल पोती उतरवत होते. मग नईमभाई हसायला लागले. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर. गोविंदकाकाही हसले, पण त्यांचं हसू जरा ओशाळं होतं. "तुला कसं सांगावं हेच समजंना झालतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

चहा झाल्यावर नईमभाईंनी कल्पनाला तिची मांडणी दाखवायला सांगितली. तिने दाखवली. ती बरी होती, मात्र काम सोडून गेलेल्या जुन्या मुनिमालाही अजून सगळं उघडता येत होतं. नईमभाईंनी ते तिच्या शेजारी बसून बंद केलं, कसं केलं ते तिला पुन्हा करून पाहायला लावलं. उठताना काकांनी त्यांचा हात धरला. "महिन्याला येत जा. काम असो नसो."

"काम निंगते, काका," नईमभाई म्हणाले.

रिकामा सर्व्हर आम्ही व्हॅनमध्ये ठेवला. मला त्यांनी जालन्याच्या एसटीत बसवून दिलं. सिंदखेडराजा गेलं, मग सपाट माळ, आणि जालन्याला पुण्याची गाडी.

पुण्यात परतल्यावर मी आमच्या क्षेत्रातल्या मंडळींसाठी एक टिपण लिहायला घेतलं: जुना सर्व्हर बंद होताना सल्लागाराने काय करावं. डिस्क तपासा, बॅकअप पाहा, गिऱ्हाइकाला वेळेत कळवा. सगळं बरोबर होतं, आणि लिहूनही लवकर झालं. फक्त बीबीची गोष्ट त्यात कुठे घालावी ते मला सुचलं नाही. एका घराने एका माणसाला वाईट वाटू नये म्हणून एक रिकामं यंत्र हंगामभर चालू ठेवलं. वीज वाया गेली, हे उघड आहे. याला नुकसान म्हणावं की नाही, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.