पहिलं बोट

भांडगावात मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर सकाळी जी माणसं जमत, ती मारुतीसाठी जमत असं म्हणणं जरा धाडसाचंच. ती जमत पोपटरावांसाठी. पोपटराव कारेगावच्या बाजूला एका कंपनीत सुपरवायझर होते. रिटायर होऊन गावी आले आणि त्यांचे रिकामे हात शिवशिवायला लागले. त्यात पुण्याच्या लेकीनं, अनुपमानं, वडिलांना मधुमेह म्हणून साखर तपासायचं मशीन पाठवलं. ते मशीन स्वतःपुरतं ठेवतील तर ते पोपटराव कसले?

ज्यांच्या पायांना मुंग्या येत आणि दवाखान्याचं नाव काढलं की ज्यांना अचानक शेतातली कामं आठवत, असे सगळे ओट्यावर ओळीनं बसू लागले. पोपटराव प्रत्येकाचं बोट स्पिरिटच्या कापसानं पुसत, मशीनसोबत आलेल्या टोचायच्या पेनात नवी सुई घालत, टोपण बसवत, पेन बोटाला टेकवून टक् करून टोचत आणि थेंब पट्टीवर घेऊन आकडा मोठ्यानं सांगत. मग पेन आणि मशीन उपरण्याच्या टोकानं पुसून पुढच्याकडे वळत. एकदा वापरलेली सुई त्यांनी कधी दुसऱ्याला लावली नाही. कंपनीतली शिस्त होती ती, आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

खरा प्रश्न होता भिमाजीचा. भिमाजी त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. तरुणपणी आखाड्यात भल्याभल्यांना लोळवलेला गडी, पण सुई दिसली की त्याचं पाणी पाणी व्हायचं. अंगठ्याला झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती, तरी तो तपासून घेईना. शेवटी पोपटरावांनी युक्ती काढली. सगळ्यांच्या आधी त्यांनी स्वतःचं बोट टोचलं आणि भिमाजीच्या नाकासमोर धरलं.

"बघ. मेलो का मी?"

भिमाजीनं डोळे गच्च मिटून हात पुढं केला. तेव्हापासून ओट्यावरचा रिवाजच पडला. पहिलं बोट पोपटरावांचं, दुसरं भिमाजीचं, मग बाकीच्यांची. आकडा कळायला लागल्यावर भिमाजीनं गुळाचा चहा सोडला, गोळ्या सुरू केल्या, जखम भरली. त्याच्या बायकोनं, साळूबाईंनी, त्या वर्षीचा पहिला हुरडा पोपटरावांच्या घरी पाठवला. पोपटराव तो हुरडा खाताना अगदी पोरासारखे खूश झाले होते.

पुढच्या उन्हाळ्यात भिमाजीची भूक मेली. मग डोळे पिवळे झाले. मागोमाग ओट्यावर येणाऱ्या गेणबाला तेच झालं, दगडाबाईला तेच. गावानं टाकीच्या पाण्याला शिव्या घातल्या आणि टाकी धुऊन घेतली. कावीळ म्हटल्यावर आमच्या दौंड तालुक्यात दुसरं औषध कोण शोधतो? ऊस दारात, रसाचं गुऱ्हाळ हाकेच्या अंतरावर. साखरेपायी इतके दिवस तोंड बांधलेला भिमाजी सकाळ-संध्याकाळ तांब्यातांब्यानं रस प्यायला लागला आणि पोपटरावांकडे बघून मिशीत हसायला लागला. पोपटरावांनीही त्याला अडवलं नाही. आधी कावीळ जाऊ दे, साखरेचं मग बघू, असं ते म्हणाले.

कावीळ गेली नाही. एका दुपारी भिमाजी भलतंच बडबडू लागला, साळूबाईंना ओळखेना. गाडी करून पुण्याला नेला, पण लिव्हर पार कामातून गेलं होतं. चार दिवसांनी त्याला परत आणला तो दहनासाठीच. पोपटराव त्या दिवशी ढसाढसा रडले.

पुण्याच्या तपासणीत ही कावीळ पाण्याची नव्हे, रक्तातून जाणारी हिपॅटायटिस बी निघाली, म्हणून आरोग्य खात्याची माणसं गावात आली. त्यांच्यात सायली नावाची एक तरुण डॉक्टर होती. दात कुठं काढले, दाढी कुठं करता, इंजेक्शन कोण देतं, असं ती घरोघर विचारत होती. पोपटरावांनी आपण होऊन मशीन आणून तिच्यापुढं ठेवलं. वापरलेल्या सुयांची बाटलीही ठेवली, म्हणजे शिस्त दिसावी.

तिनं सुया पाहिल्या नाहीत. पेनाचं टोपण काढलं आणि उजेडाकडे धरलं. आतल्या कडेला तपकिरी थर वाळून बसला होता, न विसळलेल्या कपाच्या तळाशी असतो तसा.

"आबा, सुई तुम्ही बदललीत," ती म्हणाली. "पण हे टोपण प्रत्येकाच्या बोटाला टेकत होतं. वाळलेल्या रक्तातसुद्धा हा विषाणू आठवडाभर टिकतो. नजरेला दिसणार नाही इतकं रक्त त्याला पुरतं."

मशीनवर, उपरण्यावर, त्यांच्या स्वतःच्या बोटांवर, सगळीकडे ते रक्त फिरलं होतं. पोपटरावांनी विचारलं, पण आलं कुणाकडून? तिनं उलट विचारलं, पहिलं बोट कुणाचं असायचं?

ओट्यावर बसणाऱ्या सगळ्यांचं रक्त तपासलं. पोपटरावांचा रिपोर्ट तिनं त्यांना एकट्यालाच, दार लावून सांगितला. विषाणू त्यांच्या अंगात जुना होता, कदाचित लहानपणापासूनचा. त्यांना कधी काही झालं नाही, म्हणून कधी कळलं नाही. गेणबा आणि दगडाबाई बरे होत होते, बाकीच्यांना लस देणार होते. तुमचं नाव माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही, असंही ती म्हणाली. गावाला एवढंच कळलं की मशीनमधून रोग पसरला. बिचाऱ्यानं भल्यासाठीच केलं, असं लोक म्हणत, आणि पोपटरावांना ते ऐकवत नसे. गप्प राहिले असते तर जन्मभर बिचारेच राहिले असते.

भिमाजीचं तेरावं झाल्यावर ते साळूबाईंकडे गेले. साळूबाईंनी चहा दिला, समोर भिंतीला टेकून बसल्या आणि स्वतःच बोलू लागल्या.

"भावजी, तुमी मनाला लावून घ्यू नका. आमचं मानूस सुईला लई भ्यायचं. तुमी आदी आपलं बोट टोचायचा, म्हनून तर ते बसायचे. सख्खा भाऊ बी करायचा न्हाई एवढं."

पोपटरावांनी चहा संपवला. कप खाली ठेवला.

"वहिनी, ते रगत माझंच हुतं," ते म्हणाले. "रोग माझ्याच अंगात हाय. माझ्यातनं भिमाजीला गेला."

साळूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग उठल्या, पदराच्या टोकानं कपाचा कान धरला, तो मोरीत नेला नाही, तर दाराबाहेर कट्ट्यावर ठेवला आणि आत निघून गेल्या.

कपातून हा रोग जात नाही. एका ताटात जेवल्यानं जात नाही, शेजारी बसल्यानं जात नाही. डॉक्टरीणबाईंनी ते सगळ्या गावाला समजावून सांगितलं होतं. पोपटराव हाक मारून साळूबाईंना तेवढं तरी सांगू शकले असते. पण टोपणातून काही जात नाही, असं त्यांनाही इतके दिवस वाटतच होतं. त्यांनी चपला घातल्या, कट्ट्यावरचा कप उचलला आणि तो घेऊन घरी गेले.