आबांचे शह

१२ फेब्रुवारी. गवार मोडता मोडता आबांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, बुद्धिबळ खेळत होते. परवा आबांकडून गॅस चालू राहिला, म्हणून उद्या त्यांना माझ्या घरी न्यायचं होतं. "हरलो तर निमूट येईन," ते म्हणाले.

पटावर दोघांचे वजीर उरले होते आणि माझं एक प्यादं, वजीर व्हायला एकच घर बाकी. आबा शहावर शह देत राहिले. माझ्या राजाला लपायला जागाच मिळेना.

"आबा, किती वेळा तेच?"

"थांबलो की मेलो. मान बरोबरी!"

मानली. जिंकणं हातात नसलं की माणूस संकटाला उसंत देत नाही, एवढंच करतो. पण गॅस शहाला घाबरत नाही. जेवतानाही माझं लक्ष शेगडीकडेच होतं.

१३ फेब्रुवारी. सकाळी शेजारच्या मावशींना दुसरी किल्ली दिली, रोज गॅस बघायला सांगितलं आणि एकटीच बसमध्ये बसले.