बायकोची किडनी

दौंडच्या लॅबबाहेरच्या बाकावर ते माझ्या शेजारी बसले होते. राहू गावाकडचे शेतकरी, माझ्यासारखीच किडनी बदललेले. मोबाईलचा गजर वाजला तशी त्यांनी खिशातून डबी काढली, गोळी आधी कपाळाला लावली आणि मग गिळली.

"बायकोची किडनी हाय," ते म्हणाले. "चार वर्सं झाली, एक टाइम चुकवला न्हाई."

मला माझ्या चुकलेल्या गोळ्या आठवून लाज वाटली. इतक्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे होते.

"आप्पा, कावीळ?"

"व्हय. काविळीचा विषाणू जुनाच हाय अंगात. त्याचीबी रोज एक गोळी होती. औंदा रिपोर्टात विषाणू दिसला न्हाई, मग केली बंद."

"डॉक्टरांना विचारून?"

"त्येंला काय इचारायचं? कांद्यावरचा करपा गेल्यावर फवारा कोण मारतंय?"

इतक्या काटेकोर माणसाच्या हातून हे व्हावं, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

"आप्पा, ती गोळी चालू होती म्हणूनच विषाणू दबून होता. किडनीच्या गोळ्यांनी आपली प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. तो परत उठला, तर लिव्हर जातं."

त्यांनी आपले पिवळे तळहात उलटसुलट करून पाहिले. मग बेंबीच्या खाली उजवीकडे, किडनी बसवलेल्या जागी हात ठेवून हळूच म्हणाले, "लिव्हर माझं हाय, त्याचं बघू. हिच्या किडनीला तर काय व्हणार न्हाई ना?"