गाडी रेवतीच्या पसंतीची नव्हती

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. भावाजवळ नाही, मित्रांजवळ नाही. जिला सांगायला हवं होतं ती आई आता नाही. आणि रेवतीला, माझ्या बायकोला, सांगण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही — तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक आहे. राहिलात तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित जमेल.

सुरुवात गाडीपासून करावी लागेल. तुम्ही म्हणाल, गाडी घेण्यात कबूल करण्यासारखं काय असतं? मलाही तसंच वाटायचं.

आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला राहतो. कळमेश्वरच्या एमआयडीसीत माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. रोजचं जाणं-येणं, डिझेलची गाडी जुनी झालेली, तेव्हा आता इलेक्ट्रिकच घ्यायची हे मी आणि रेवतीनं मिळून ठरवलं होतं. कोणती घ्यायची, यावर मात्र आमचं जमेना. ती ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. शोरूममध्ये ती रंग बघत नाही, प्रश्न विचारते.

दोन गाड्या होत्या. एक साधी, दणकट, पत्र्याच्या छपराची. पळायला बेताची, पण तिची बॅटरी थंड ठेवायची सोय चांगली होती. दुसरी — कशी सांगू? दोन मोटर, चारही चाकांना ताकद, वर आरपार काचेचं छप्पर, रंग काळा कुळकुळीत. डिसेंबरातल्या गार सकाळी मी ती वर्धा रोडवर चालवून पाहिली. पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. मी मोठ्यानं हसलो. पन्नाशीच्या माणसानं हसावं तसं नव्हतं ते हसणं.

रेवती मागं बसली होती. खाली उतरल्यावर तिनं सेल्समनला विचारलं, "बॅटरी थंड करणारा आणि आम्हाला थंड करणारा कॉम्प्रेसर एकच आहे ना? मग मे महिन्यात तो आधी कोणाचं ऐकणार?" तो म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअर सगळं सांभाळतं." ती म्हणाली, "मे महिन्यात दुपारी दोन वाजता चालवून बघता येईल का? तोवर आम्ही थांबतो." तो हसला. मीही हसलो. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "नागपुरात काचेचं छप्पर म्हणजे डोक्यावर तवा. आईंना बसवणार आहोत आपण त्यात."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन काळी गाडी बुक केली. एकट्यानं.

आता आईबद्दल सांगायला हवं. कॉलेजात असताना माझ्याकडे मोटारसायकल होती आणि मी ती पिसाटासारखी पळवायचो. एकदा घसरलो. मला खरचटलं, मागं बसलेला मित्र मात्र तेव्हापासून लंगडतो. त्या संध्याकाळी आईनं माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "पुन्हा कधी वेगाची गाडी घेशील तर माह्या जिवाची शपथ हाय तुले." मी हो म्हणालो. ती ते कधी विसरली नाही. रस्त्यावरून एखादं पोरगं सुसाट गेलं की माझ्याकडे बघायची.

गाडी दारात आली त्या दिवशी ती काठी टेकत बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली. धाकटा भाऊ सुधीर आलेला होता. तो कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात आहे. "आमच्याच कोळशावर पळन हे," असं म्हणून त्यानं थट्टा केली आणि वर कौतुकानं गाडी किती सेकंदात किती पळते तेही सांगून टाकलं. आईचा चेहरा बदलला.

"एवढी पळणारी गाडी काहून घेतली गा, विनू?"

आणि मी म्हणालो, "तुझ्या सुनेले पाहिजे होती, आई."

एवढंच. किती सोपं होतं! आधी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. रेवती आत औक्षणाचं ताट तयार करत होती, तिनं ऐकलं नाही. आई "असं का" म्हणाली. सुधीर हसत म्हणाला, "वहिनीची पसंती झकास आहे बावा." मी मान डोलावली.

तिथंच थांबलं असतं तर मी आज हे बोलत बसलो नसतो. नवरे असं खोटं बोलतात, आणि ते विरूनही जातं. हे विरलं नाही.

मे महिन्यात मावसभावाच्या मुलीचं अमरावतीला लग्न होतं. मी, रेवती आणि आई पहाटे निघालो आणि सुखरूप पोचलो. लग्न लागल्यावर पंगती बसल्या, आणि मला चेव चढला. मेव्हणे, मावसभाऊ, कोण कोण — एकेकाला बसवून बायपासवर फेऱ्या मारल्या. भर दुपारी. पाय दाबायचा, मागच्यांचं ओरडणं ऐकायचं, परत फिरायचं. बॅटरी उतरत होती, तापत होती. समोरच्या पडद्यावर धोक्याची खूणही आली होती. मी पाहिली होती ती.

रेवती म्हणाली, ऊन उतरल्यावर निघू. मावसभाऊ म्हणाला, "पोचन का गा हे नागपूरले? नाहीतर माही जुनी जीप घेऊन जा." बस. त्यावर मी थांबणं शक्य होतं का? आम्ही तेव्हाच निघालो.

कारंजाच्या आसपास गाडी चार्जिंगला लावावी लागली. एका ढाब्याच्या मागं चार्जर होता, उघड्यावर, वर साधं पत्र्याचं शेडही नाही. बॅटरी आधीच तापलेली, त्यामुळे चार्जिंग मुंगीच्या पावलानं चाललेलं. एसीतून येणारी हवा कोमट. काचेच्या छपरातून ऊन सरळ आत. रेवतीनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर गाडी देत होती — ती आधी बॅटरीचं ऐकत होती.

"आईंना ढाब्यात कूलरपाशी बसवू," रेवती म्हणाली. आईचे गुडघे दुखायचे, उतरायला-चढायला वेळ लागायचा. मी म्हणालो, "राहू दे आतच. एसी चालू आहे ना. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे." हे वाक्य माझं आहे. रेवती ताक आणायला ढाब्यात गेली. मी लिंबाखाली उभा राहून फोनवर मावसभावाला सांगत होतो की सगळं मजेत चाललंय.

मला गाडी दिसत होती. आईची मान एका बाजूला कललेली दिसत होती. मला वाटलं, झोपली.

झोपली नव्हती. रेवतीनं परत येऊन दार उघडलं आणि माझ्या नावानं जी हाक मारली, तशी तिनं त्याआधी किंवा नंतर कधी मारली नाही. आईचं अंग चुलीसारखं तापलेलं, कोरडं ठणठणीत. ती काहीतरी बरळत होती, माझ्या वडिलांना हाका मारत होती. खरं सांगतो, मी चार्जरची वायर काढत होतो, आणि ती निघत नव्हती, आणि मी तीच ओढत होतो. रेवतीनं ढाबेवाल्याकडून बर्फ मागवला, आईच्या काखेत, मानेशी ठेवला, स्वतःचा शालू भिजवून तिच्या अंगावर टाकला आणि एका अनोळखी माणसाच्या गाडीतून तिला नागपूरला नेलं. मी मागून पोचलो. डॉक्टर म्हणाले, आणताना यांना थंड केलं म्हणून वाचल्या.

आई वाचली, ती रेवतीमुळे. हे मी इथं स्पष्ट सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात ते कोणी कधी बोललं नाही.

आई शुद्धीवर आली तेव्हा खोलीत आम्ही सगळे होतो — मी, रेवती, सुधीर, त्याची बायको मीना. आईनं सगळ्यांकडे पाहिलं. मग रेवतीवर नजर थांबली.

"सूनबाई," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुले पाहिजे होती ना वं हे गाडी? झाली हौस?"

रेवतीला कळलंच नाही आधी. मग कळलं. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. रागानं नाही. तिला खात्री होती की आता मी बोलणार. वाट पाहत होती ती, मला तोंड उघडायला जेवढा वेळ लागेल तेवढा.

मी म्हणालो, "पाण्याची बाटली आणतो." आणि खोलीबाहेर गेलो.

बाहेर गेल्यावर मला काय वाटलं असेल? लाज? नंतर वाटली. त्या क्षणी वाटलं ते फक्त सुटलो असं. पाणी खोलीतच होतं, आईच्या उशाशी.

आई पूर्वीसारखी कधी झाली नाही. मूत्रपिंडावर परिणाम झाला होता, चालताना भिंत धरावी लागायची. रेवतीनं कॉलेजातून लांब रजा घेतली. आईची आंघोळ, पथ्याचं जेवण, औषधं सगळं तिनं केलं. आणि आई शेजारणींना सांगायची, "पोरगं साधं आहे माहं. सुनेच्या हौसेपायी हे असं झालं." कधी हळू बोलायची, कधी रेवतीला ऐकू जाईल असं. मी हॉलमध्ये पेपर वाचत असायचो.

रेवती एकदाच बोलली. गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. "तुम्ही सांगाल, असं वाटलं होतं मला." मी म्हणालो, "आत्ता तिची तब्येत पाहतेस ना. जरा बरी होऊ दे, मग सांगतो." तिनं कपड्यांचा ढीग माझ्या हातात दिला आणि खाली गेली. आई बरी होणार नव्हती, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही सांगितलेलं होतं. मी जी मुदत मागितली ती कधी संपणारच नव्हती, आणि मागताना मला ते माहीत होतं.

शेवटी शेवटी आईनं दोघी सुनांना जवळ बोलावलं. तिच्या हातातल्या पाटल्या तिनं काढल्या. लग्नापासूनच्या त्या. दोन्ही मीनाला दिल्या. मीना संकोचली, म्हणाली, "एक वहिनींना द्या ना, आई." आईनं रेवतीकडे पाहिलं.

"तिले तिची गाडी आहे."

मी आईच्या पायांशी बसलो होतो. तिचे पाय चेपत होतो. माझे हात थांबले नाहीत.

रेवतीनं आईला नमस्कार केला, उशी नीट केली आणि औषधाची वेळ झाली म्हणून उठली. त्यानंतर काही दिवसांतच आई गेली. रेवती रडली, खूप रडली. सुधीर मला म्हणाला, "वहिनीले पस्तावा होऊन राहिला वाटते." मी त्याला ते तसंच वाटू दिलं.

तुम्हाला वाटेल, इथं संपलं. मलाही वाटलं होतं. आई होती तोवर शपथेची भीती होती, तिच्या जिवाला धक्का बसेल ही भीती होती — असं मी स्वतःला समजावत आलो होतो. आता भ्यायचं कोणाला?

गेल्या मार्चात सुधीर घरी आला. त्यालाही इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे. कोणती घेऊ म्हणाला. मी त्याला बसवून तासभर समजावलं. काचेचं छप्पर घेऊ नको. गडद रंग घेऊ नको. बॅटरी कशी थंड होते ते आधी विचार. किती पळते ते कोणीही सांगेल, तापल्यावर किती पळते आणि एसी किती टिकतो ते पाहा. घाई नसेल तर मे महिन्यात, भर दुपारी चालवून पाहा, मगच पैसे भर. शब्द न् शब्द रेवतीचा. मी छान बोलत होतो. सुधीर मन लावून ऐकत होता.

मग तो म्हणाला, "एवढं सारं माहीत होतं तुले, तं तेव्हा वहिनीले काहून नाही सांगतलं?"

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, तो नेमका तेव्हाच थांबला होता.

मी म्हणालो, "सांगितलं होतं. ऐकते का ती?"

सुधीरनं मान हलवली. रेवती हात पुसत बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "भाऊजी," ती म्हणाली, "मागच्या सीटपाशीही एसीची जाळी आहे ना, तेवढं नक्की बघून घ्या. मीनाची आई असते तुमच्यासोबत." आणि तिनं त्याला विचारलं, जेवून जाणार ना.

तो जेवून गेला. पिठलं-भात होता. मीही जेवलो.